नक्कल करणाऱ्याची चूक

ताश्कंदहून परत येऊन मला दोन महिने झाले. या दोन महिन्यांत अणदूरला खंडोबाच्या देवळाच्या ओट्यावर, उस्मानाबादेत कचेरीत आणि तुळजापूरच्या एसटीत उभ्या उभ्या, अशी मिळून रशियाची गोष्ट मी निदान साठ वेळा सांगितली असेल. लोकांना बर्फ ऐकायचा असतो. "पायात काय घालायचे हो?" "अंघोळीचं कसं करायचे?" आमच्या थोरल्या चुलत्यांनी एवढंच विचारलं, "तिथं ज्वारी पिकती का न्हाय?" आपल्यासारखी न्हाय म्हटल्यावर त्यांच्या लेखी तो देश तिथंच संपला.

जी गोष्ट कुणी विचारली नाही ती इथं लिहितो. तोंडानं सांगायला गेलो की मी तिची गंमत करून टाकतो, ही माझी जुनी खोड. लिहितानाही करीनच. पण कागदावर निदान हसून विषय बदलता येत नाही.

निघण्याआधी: इकडची रीत

मी नकाशे काढतो. तळी, पाट, कालवे. निजामाचं राज्य गेलं तेव्हा मी कचेरीत नुकताच चिकटलो होतो. जुने कागद सगळे उर्दूत. त्यांच्या नकला करायला करीमसाहेब म्हणून एक वयस्क कारकून होते. आम्ही त्यांना करीमचाचा म्हणायचो. पुढं कारभार मराठीत आला, चाचा निवृत्त झाले आणि कचेरीची मोठी सोय झाली. चूक माझ्या नकाशातली असो की हेडक्लार्कच्या टिपणातली, साहेबांनी विचारलं की आम्ही एका सुरात म्हणायचो, "नक्कल करताना झालं असेल साहेब." साहेब "हं" म्हणायचे आणि फाईल पुढं जायची. ही लबाडी आहे असं कुणाला वाटतच नव्हतं. देवळात शिरताना आपण घंटा वाजवतो, तसं ते वाक्य होतं. वाजवायचं आणि आत जायचं.

चाचा महिन्याकाठी कचेरीत डोकवायचे. हेडक्लार्क म्हणायचे, "या चाचा, या महिन्यात तुमच्या नावावर तीन चुका लावल्यात."

चाचा दाढी कुरवाळत हसायचे. "लगाव बाबा, लगाव. मेरा क्या जाता, मैं तो रिटैर हो गया."

चहा यायचा, काठोकाठ, बशीत सांडलेला. सगळे हसायचे. मी जरा जास्तच.

हे सामान बरोबर घेऊन मी ताश्कंदला गेलो. विमानतळावर त्यांनी माझी शेंगदाण्याच्या चटणीची बरणी उघडून, हुंगून, दोनदा शिंकून पाहिली. त्या वाक्याची तपासणी मात्र कुणी केली नाही.

ताश्कंद: कचेरीतले पहिले दिवस

सहा महिने भाषा शिकवली आणि मग मला कालव्यांचे नकाशे काढणाऱ्या एका कचेरीत बसवलं. मुलूख उझबेकांचा. बाजारात गेलं की किताब, दुकान, मैदान, नान असे आपल्याकडचे शब्द कानावर येतात आणि धाराशिवच्या आठवडी बाजारात उभं असल्यासारखं वाटतं. पण कचेरीचा उंबरा ओलांडला की सगळा कारभार रशियन.

पहिल्या दिवशी मी ओव्हरकोट, मफलर आणि कानटोपीसकट टेबलाशी जाऊन बसलो. खोलीतली सगळी माणसं माझ्याकडं असं पाहायला लागली की जणू मी घोंगडी पांघरून लग्नाच्या पंगतीत बसलोय. कोट खाली एका आजीबाईंकडं देऊन वर यायचं असतं. नाही दिला तर त्याचा अर्थ, मी इथं टिकणार नाही, निघायच्या तयारीतच आहे.

अकरा वाजता रेडिओवर बिगुलासारखं काहीतरी वाजलं आणि सगळे ताडकन उभे राहिले. राष्ट्रगीत असणार असं समजून मीही छाती काढून सावधानमध्ये उभा राहिलो. बघतो तर साहेबापासून कारकुनापर्यंत सगळे हात वर, हात खाली, कमरेत वाक. कवायत! आमच्याकडं अकरा वाजता कचेरीचं कुलूप निघतं, तिथं माणसं कामानं अवघडून व्यायाम करतात.

साहेबांचं नाव पावेल आंद्रेयेविच. बुटके, जाड भुवयांचे. त्यांच्या टेबलावर घंटी नव्हती, दाराशी शिपाई नव्हता; चहाचं पाणी ते स्वतः आणत. ते आत आले की मी उठायचो. दिवसातून ते वीसदा यायचे, मी वीसदा उठायचो. चौथ्या दिवशी त्यांनी काळजीनं विचारलं, "तुमच्या पाठीला काही त्रास आहे का?"

माझ्या शेजारच्या टेबलाला रुस्तम नावाचा उझबेक इंजिनिअर. अडलेली भाषा तोच सोडवून द्यायचा. त्यानं मला पहिल्यांदा चहा दिला तो बिनकानाच्या वाटीत, तळाशी चार घोट. मनात म्हटलं, एवढा मोठा देश आणि हात एवढा आखडता! दुसऱ्या दिवशी पावेल आंद्रेयेविच माझ्या टेबलाशी आले तेव्हा मराठवाड्याची इभ्रत राखायला मी त्यांची वाटी काठोकाठ भरली. साहेबांनी वाटीकडं पाहिलं, भुवया वर केल्या आणि हसत उठून गेले. रुस्तमनं कपाळाला हात लावला. त्यांच्या मुलखात वाटी थोडी भरायची, म्हणजे पाहुणा पुन्हा पुन्हा मागतो आणि आपण पुन्हा पुन्हा उठतो. काठोकाठ भरली तर तिचा अर्थ, 'झालं तुमचं काम, या आता.'

एक रीत मात्र थेट आपली निघाली. माणसाला हाक मारायची ती बापाचं नाव जोडून. माझ्या बापाचं नाव मारुती. पहिल्याच दिवशी मी 'श्रीपत मारुतिविच' झालो. सोलापूरच्या पुढं कधी न गेलेला माझा बाप ताश्कंदच्या कचेरीत दिवसातून पन्नास वेळा हजर व्हायला लागला. ऐकताना छाती फुगायची. पुढं हीच हाक माझी पाठ सोलणार आहे, हे तेव्हा काय माहीत!

वेरा निकोलायेव्ना

नकाशा आपण पेन्सिलीनं काढायचा. मग तो पारदर्शक कापडावर शाईनं गिरवायचा, आणि त्या कापडावरून छापील प्रती निघायच्या. गिरवण्याचं काम वेरा निकोलायेव्ना करायच्या. पन्नाशीच्या पुढच्या, बारीक, पांढरे केस घट्ट बांधलेले. युद्धात लेनिनग्राडहून निघून त्या इकडं आल्या होत्या. नवरा मागं राहिला तो राहिलाच. त्यांची रेघ बघत राहावी अशी. माझ्या पेन्सिलीच्या रेघा वेड्यावाकड्या असायच्या, पण त्यांच्या हाताखालून निघाल्या की मला स्वतःबद्दल उगाच आदर वाटायचा.

कचेरीबाहेर, रस्त्याच्या कडेला, एक मोठी लाल पाटी होती. चांगलं काम करणाऱ्यांचे फोटो तिच्यावर लावत. आपल्याकडं भिंतीवर फोटो लागायला आधी मरावं लागतं किंवा मंत्री व्हावं लागतं. तिथं वरच्या ओळीत गिरवणाऱ्या वेरा निकोलायेव्ना होत्या, आणि पावेल आंद्रेयेविच पाटीवर कुठंच नव्हते.

वेरा निकोलायेव्नांचा एकुलता मुलगा अल्योशा दूर उत्तरेला बोटीवर कामाला. पाच वर्षांत घरी आला नव्हता. आता तो बुधवारी येणार होता, दोन दिवसांसाठी. बाईंनी त्याला लिहिलं होतं की, 'स्टेशनवरून ट्रामनं ये आणि कचेरीच्या थांब्यावर उतर. तुझी आई तुला रस्त्यातच दिसेल.'

हे मला रुस्तमनं सांगितलं. पण ते नंतर. आधी मी घंटा वाजवून बसलो होतो.

शुक्रवारची सभा

दर शुक्रवारी सकाळी 'पाच मिनिटांची सभा' असायची. तासभर चालायची, एवढी एक गोष्ट पाहून मला घरच्यासारखं वाटलं. त्या शुक्रवारी पावेल आंद्रेयेविचनी माझ्या नकाशाची छापील प्रत टेबलावर पसरली. कालव्याच्या तळाची पातळी चुकली होती. त्या आकड्याप्रमाणे खोदलेलं दोन दिवसांचं काम वाया गेलं होतं.

मी पाहिलं. आकडा माझाच होता. पातळ्यांचा सुधारलेला तक्ता हाताशी असताना मी जुन्या तक्त्यावरून उतरवला होता. कारण? जुना तक्ता वर होता. बस्स, एवढंच.

"श्रीपत मारुतिविच," साहेबांनी शांतपणे विचारलं, "हा आकडा कसा आला?"

आणि माझ्या तोंडातून, इतक्या वर्षांच्या सवयीनं, शुद्ध रशियनमध्ये वाक्य आलं, "नक्कल करताना झालं असेल."

मी पुढच्या "हं"ची वाट बघत राहिलो. तो आला नाही. साहेबांची पेन्सिल थांबली. मग साहेबांनी विचारलं, "गिरवलं कुणी?"

"मी," वेरा निकोलायेव्ना म्हणाल्या. एवढंच. त्यांनी माझ्याकडं पाहिलंही नाही.

मला म्हणायचं होतं, अहो, तसं नाही, हे आमच्याकडं नुसतं म्हणायचं असतं, ते कुणाला लागत नाही! पण एवढं रशियन मला येत नव्हतं. हे खोटं आहे. तेवढं येत होतं.

पेन्सिलीचा मूळ कागद मागवावा असं साहेबांच्या मनात आलं असेल. पण मी परदेशी पाहुणा. पाहुण्यानं सांगितल्यावर कागद मागवायचा म्हणजे त्याला खोटा ठरवायचा. माणसं भली असली की त्यांना फसवायला फार अक्कल लागत नाही, हे मी तिथं शिकलो.

रिकामा चौकोन

सोमवारी लाल पाटीवर वरच्या ओळीत एक फोटो नव्हता. त्या जागी चौकोन राहिला होता. बाकीचा रंग उन्हानं विटलेला आणि तेवढाच तुकडा नव्यासारखा लालभडक. त्याच्यावरून नजर हटेना.

रुस्तमनं मला मुलाची आणि पत्राची गोष्ट सांगितली ती तेव्हा, पाटीसमोर उभं राहून. वर म्हणाला, "बाई थकली असेल बिचारी. इतक्या वर्षांत पहिली चूक."

मी काय करावं? एखाद्या शहाण्या माणसानं जाऊन खरं सांगितलं असतं. मी शेंगदाण्याची चटणी नेऊन दिली. आईनं उखळात कुटलेली, लालेलाल. वेरा निकोलायेव्नांनी ती पावाच्या तुकड्यावर लोण्यासारखी जाड थापली आणि खाल्ली. डोळ्यांतून घळाघळा पाणी. रुमालानं नाक पुसत, खोकत त्या म्हणाल्या, "फार छान आहे. आभारी आहे, श्रीपत मारुतिविच."

मारुतिविच. एकदा आमचा बैल रानात सुटून शेजाऱ्याच्या ज्वारीत शिरला होता. कुणी पाहिलं नव्हतं. सांजच्याला बाप स्वतः उठून शेजाऱ्याच्या दारी गेला आणि म्हणाला, "आमचा बैल व्हता. तुमचं नुकसान झालंय, चला बघाया." त्या माणसाचं नाव ती बाई माझ्या नावामागं इतक्या अदबीनं लावत होती, आणि मी तिला तिखट खाऊ घालून रडवत होतो.

मंगळवारी मी पावेल आंद्रेयेविचकडं गेलो आणि सांगून टाकलं. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"हे मला का सांगता?" ते म्हणाले. "तुम्ही पहिलं वाक्य सगळ्यांपुढं बोललात. दुसरंही तिथंच बोला. शुक्रवारी."

"पण साहेब, तिचा मुलगा उद्या येतोय. शुक्रवारी सकाळच्या गाडीनं जाणार."

"मला ठाऊक आहे," साहेब म्हणाले. "तुम्हाला गेल्या शुक्रवारी ठाऊक असतं तर बरं झालं असतं."

बुधवारी सकाळी मी त्या पाटीसमोर ट्रामच्या थांब्यावर जाऊन उभा राहिलो. मुलगा उतरला की त्याला तिथंच गाठून सांगायचं ठरवलं होतं. वाक्य पाठ केलं होतं. वितळत्या बर्फाचा चिखल, बुटात पाणी. आठ ट्रामा गेल्या. तो काही उतरला नाही. बाई स्वतः स्टेशनवर गेल्या होत्या आणि मुलाला मागच्या गल्लीनं घरी घेऊन गेल्या होत्या.

गुरुवारचं जेवण

गुरुवारी काम सुटल्यावर त्यांनी आमच्या खोलीतल्या सगळ्यांना घरी बोलावलं. मलाही. एकच खोली, दोन टेबलं जोडलेली, कोबीचं सारण भरलेली मोठी कचोरी म्हणावी असं काहीतरी, भात, लोणच्याच्या काकड्या. अल्योशा आईसारखाच बारीक, हात मात्र दोरखंडासारखे. तो आईच्या ताटात वाढत होता, आई त्याच्या ताटात. बाईंनी निळा झगा घातला होता. नवा होता. तो झगा कशासाठी शिवला असेल ते मला कळत होतं.

"खा, श्रीपत मारुतिविच, तुम्ही काहीच घेत नाही," त्या म्हणाल्या.

मला राहवलं नाही. उभा राहिलो. लोकांना वाटलं पाहुणा दोन शब्द बोलतोय. सगळ्यांनी कौतुकानं पेले उचलले. त्या उचललेल्या पेल्यांसमोर मी अल्योशाला सांगितलं, "पाटीवरून तुमच्या आईचा फोटो माझ्यामुळं काढला. चूक माझी होती. मी तिच्यावर ढकलली."

पेले तसेच हवेत राहिले. अल्योशा माझ्याकडं नाही, आईकडं बघत होता.

"आई," तो हळू म्हणाला, "तू तर म्हणालीस, पाटी रंगवायला नेलीय."

तेव्हा मला कळलं मी काय केलं ते. तिनं मुलासाठी दोन दिवस एक खोटं जपलं होतं. तेवढ्यावर त्यांची भेट सुखानं पार पडत होती. आणि मी माझं ओझं उतरवायला तेही फोडलं. खरं बोलायचीही वेळ असते. आदल्या शुक्रवारी ती वेळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली होती, तेव्हा मी तिला ओळखलं नव्हतं. आता ती गेल्यावर मी तिला हाका मारत होतो.

वेरा निकोलायेव्ना उठल्या. कपाटाच्या खणातून घडी घातलेला एक कागद काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवला. माझा पेन्सिलीचा नकाशा. माझ्या हातचा आकडा, ढळढळीत.

"हा तुमच्याकडं होता?" मी म्हणालो. "मग सभेत का नाही दाखवलात?"

"मला वाटलं, तुम्ही स्वतः सांगाल," त्या म्हणाल्या. "त्याच दिवशी सांगाल. मग वाटलं, शनिवारी. मग सोमवारी तुम्ही माझ्या टेबलाशी आलात तेव्हा वाटलं, आता सांगणार." त्या जराशा हसल्या. "तुम्ही चटणी दिलीत."

अल्योशानं माझ्या ताटात भात वाढला, आईच्या ताटात वाढत होता तसाच. शिवी दिली असती तर मी ती आनंदानं घरी आणली असती. तो भात मी कसा खाल्ला ते विचारू नका.

शुक्रवारी सभेत मी सगळं बोललो. त्या वेळी अल्योशाची गाडी सुटून तास झाला होता. शनिवारी फोटो परत लागला. कचेरीच्या भिंतीवर हातानं लिहिलेलं एक वार्तापत्र लावत, त्यात माझं चित्र आलं. भलंमोठं तोंड असलेला एक माणूस शाईच्या दौतीमागं लपलाय, आणि ढुंगण बाहेर राहिलंय. हुबेहूब होतं.

निरोपाच्या दिवशी वेरा निकोलायेव्नांनी मला चहाची एक निळी वाटी दिली. मुलाचं पत्र आलं का, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

परत

उस्मानाबादेत सत्कार झाला. नारळ, फेटा, भाषण. हेडक्लार्कनी माझा फोटो मोठा करून कचेरीत लावायचं काढलं. मी नको म्हटलं तर सगळे म्हणाले, बघा, रशियाला जाऊन आला तरी किती नम्र!

पुढच्या आठवड्यात एका जुन्या तळ्याच्या नकाशात काहीतरी चुकलेलं निघालं. साहेबांनी विचारलं. हेडक्लार्क म्हणाले, "नक्कल करताना झालं असेल साहेब, करीमसाहेबांच्या वेळचं." साहेब म्हणाले, "हं." फाईल पुढं गेली. मी खाली मान घालून बसलो होतो. तो नकाशा माझाच होता. या वेळी मी उठलो आणि तसं सांगितलं. साहेबांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू परदेशच्या पाण्यानं याला बाधा झालीय. "बरं, बरं," म्हणाले. "बसा."

संध्याकाळी ती निळी वाटी घेऊन मी दर्ग्याकडच्या गल्लीत करीमचाचांकडं गेलो. आता डोळ्यांनी अधू झालेत. वाटी हातात घेऊन त्यांनी बोटांनी काठ चाचपला. मी त्यांना सगळी गोष्ट सांगितली. सवयीप्रमाणं रंगवून, कवायतीसकट, चटणीसकट. कवायतीला ते हसले. चटणीला हसले नाहीत.

"वो बाई कुछ बोली नै सभा में?"

"न्हाय चाचा."

"हौ," ते म्हणाले. "कैसा बोलेगी."

मग मी विचारलं. इतक्या वर्षांत विचारायला हवं होतं ते. "चाचा, आमी तुमच्या नावावर एवढ्या चुका लावायचो. तुम्ही हसायचात. वाईट न्हाय वाटायचं?"

त्यांनी वाटी खाली ठेवली.

"अरे, माझ्या हातच्या नकला अजून तिथंच दफ्तरात बांधून आहेत. सगळ्या. पूरी जिंदगी के. कभी एक बार तरी खोलके देखे क्या, सच्ची मैं चुका था क्या?" मग माझ्या दिशेनं तोंड करून म्हणाले, "बाकी लोगां का छोड. नवीन पोरं आली, त्यांना उर्दू येत न्हाय. तुमकू तो पढना आता था, श्रीपती."

मला येत होतं. माझी शाळाच उर्दूत झालेली.

"उद्या उघडून बघतो, चाचा."

"अब क्या देखना," ते म्हणाले. "चाय पी."

त्यांच्या सुनेनं किटली आणून ठेवली. चाचांनी स्वतः त्या नव्या वाटीत चहा ओतला, एक बोट काठावर ठेवून, सावकाश, चटईवर थेंब सांडेपर्यंत. काठोकाठ वाटीचा तिकडचा अर्थ मी त्यांना सांगितला नव्हता. आमच्या रीतीनं तो पाहुणचार होता.

वाटीला कान नसतो. काठोकाठ भरली की धरणाऱ्याची बोटं भाजतात. मी ती दोन्ही हातांनी उचलली आणि खाली न ठेवता शेवटच्या घोटापर्यंत प्यालो.